मेंडोलिनचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत

चुंबकीय पिकअप घेताना गायन पार्ट्यांनी व मंडळांनी काय पाहावे?

गायन पार्टीत ढोलकीवाल्याला टाळी मिळते, पेटीवाल्याला मान मिळतो, बेंजोवाल्याला फर्माईश मिळते. मेंडोलिनवाल्याला मात्र कार्यक्रम संपल्यावर "दादा, आज तुम्ही वाजवत होता का?" असा प्रश्न ऐकावा लागतो. वाचक बंधू-भगिनींनो, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मेंडोलिन हे मुळातच लहान आवाजाचे वाद्य आहे. विहारात चाळीस-पन्नास माणसे बसली असतील तर ते छान ऐकू येते. पण जयंतीच्या मांडवात, ढोलकी, कोंगो आणि ऑक्टोपॅड यांच्या शेजारी ते बुडून जाते. मग वाजविणारा नखी जोरात मारतो. तारा तुटतात, सूर उतरतो, बोटे सोलतात. पुढच्या वर्षी मंडळ म्हणते, "मेंडोलिन कशाला? कीबोर्डच आणा." एका कलावंताचे त्या हंगामाचे मानधन अशा रीतीने जाते आणि वाद्य खुंटीला टांगले जाते.

आमचा भूम तालुका बालाघाटच्या पठारावरचा. पावसाचा भरवसा नाही. दिवसा शेतमजुरी, गवंडीकाम, खव्याच्या भट्टीवरचे काम, हंगामात ऊसतोडी आणि रात्री गाणे, असे येथील कलावंतांचे जीवन आहे. अशा माणसाने वाद्यासाठी खर्च केलेला प्रत्येक रुपया घरातल्या बाईने डब्यात जपून ठेवलेला असतो. तो चुकीच्या वस्तूवर जाऊ नये, एवढ्यासाठीच हा लेख. आम्ही पेशाने कारकून. मंडळाच्या वर्गणीचा जमाखर्च लिहीत आलो असल्याने कोणत्याही वस्तूकडे आधी खर्चाच्या बाजूने पाहण्याची आम्हाला सवय आहे. म्हणून आमचे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो : मेंडोलिन ऐकू येण्यासाठी महागडे पिकअप लागत नाही. योग्य तारा, योग्य जागी बसविलेले साधे पिकअप, अ‍ॅम्प्लिफायरचे योग्य इनपुट आणि खरे अर्थिंग या चार गोष्टी लागतात.

बेंजोने आधीच दाखविलेली वाट

१९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगावी गाजले, तेव्हा शाहिराचा गळा हाच लाऊडस्पीकर होता. पुढे मांडवात कर्णे आले, मग बॉक्स आले. गळ्यासाठी माईक आला, पण लहान वाद्यांचा प्रश्न तसाच राहिला.

आपल्या वस्त्यांतील बेंजोवाल्यांनी मात्र तो केव्हाच सोडविला आहे. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते मूळचे जपानी वाद्य. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणे लावून ते तयार केले. भारतात त्याला बुलबुल तरंग असेही म्हणतात. त्याचा मूळचा आवाज मेंडोलिनपेक्षा काही मोठा नाही. परंतु आपल्याकडच्या कारागिरांनी त्याच्या पोलादी तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेची कॉईल बसविली, ती अ‍ॅम्प्लिफायरला जोडली, आणि हेच वाद्य मिरवणुकीचे राजे झाले. तेव्हा चुंबकीय पिकअप ही आपल्याला परकी वस्तू नाही. बेंजो दुरुस्त करणारा माणूस ती रोज हाताळतो.

मेंडोलिन हे इटलीतील नेपल्स शहराकडून आलेले वाद्य. मुंबईच्या चित्रपटसंगीतात त्याने मोठे स्थान मिळविले. संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) हे नामवंत मेंडोलिनवादक होते. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर (१९३७–१९९८) हेही संगीतकार होण्यापूर्वी मेंडोलिन वाजवीत. परंतु स्टुडिओत वाद्यापुढे स्वतंत्र माईक असतो आणि बाकी सर्व जण शांत असतात. मांडवात तसे नसते.

मोठ्या सभागृहात मेंडोलिन कसे पोहोचवावे, याचे उत्तर आंध्र प्रदेशातील पालकोल्लू येथे १९६९ साली जन्मलेल्या यू. श्रीनिवास यांनी दिले. त्यांनी पोकळ वाद्य बाजूला ठेवून भरीव लाकडाचे, विजेवर चालणारे मेंडोलिन घेतले. चार जोड्यांच्या आठ तारांऐवजी पाच सुट्या तारा लावल्या आणि त्यावर कर्नाटक संगीत वाजविले. १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ साली ते गेले. आपल्या कलावंताकडे मात्र पोकळ मेंडोलिन आहे आणि दुसरे घेण्याची ऐपत नाही. म्हणून आहे त्याच वाद्याला पिकअप लावणे हा त्याच्यासाठी व्यवहार्य मार्ग आहे.

पिकअप ऐकते ते काय?

चुंबक हलला किंवा चुंबकाजवळचे लोखंड हलले की शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. हे तत्त्व १८३१ साली मायकेल फॅरेडे यांनी शोधले. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत बांधावयास आलेली पुस्तकेच वाचून शिकला, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९३० च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेत हे तत्त्व गिटारला लागले आणि विजेची गिटार बाजारात आली.

पिकअपमध्ये एक चुंबक असतो. त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत तितक्याच थरथरीची बारीक वीज निर्माण होते. अ‍ॅम्प्लिफायर ती मोठी करतो. एवढाच मामला.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, असे पिकअप लाकूड ऐकत नाही, फक्त तार ऐकते. म्हणून आवाज थोडा विजेच्या गिटारकडे झुकतो. मेंडोलिनच्या पेटीचा गोडवा पूर्ण येत नाही. हे आधीच समजून घेतले म्हणजे नंतर निराशा होत नाही. दुसरी, ते फक्त लोखंडाच्या जातीचा धातू ओळखते. पितळ किंवा ब्रॉन्झ त्याच्या लेखी नसल्यासारखेच.

आधी तारा, मग पिकअप

मेंडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. जाड बाजूच्या दोन जोड्यांवर दुसरी तार गुंडाळलेली असते, बारीक बाजूच्या दोन जोड्या साध्या पोलादी असतात. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच तारांवरचे गुंडाळण ब्रॉन्झचे असते. असा संच लावून पिकअप जोडले की बारीक तारा कर्कश वाजतात आणि जाड तारा दबून जातात. पिकअपला आतला पोलादी गाभाच तेवढा समजतो, वरचे ब्रॉन्झ समजत नाही. मग वादक म्हणतो पिकअप वाईट, दुकानदार म्हणतो मेंडोलिन वाईट.

उपाय स्वस्त आहे. निकेल गुंडाळलेल्या तारांचा संच घ्यावा. पाकिटावर तसे लिहिलेले असते. रंगावरूनही ओळखता येते. ब्रॉन्झची तार तांबूस-सोनेरी दिसते, निकेलची पांढरट. चुंबक लावून परीक्षा करू नये, कारण आतल्या पोलादामुळे दोन्ही प्रकारच्या तारा चुंबकाला चिकटतात. आहे त्या पिकअपवर समाधान नसेल त्यानेही प्रथम तारा बदलून पाहाव्यात. कित्येकदा नवीन पिकअपचा खर्च तेथेच वाचतो.

पिकअप निवडताना

एक : रुंदी. गिटारच्या पिकअपला सहा तारांसाठी सहा लोखंडी खिळे असतात. मेंडोलिनच्या चार जोड्या त्यांवर बरोबर येत नाहीत. एखादी जोडी दोन खिळ्यांच्या मध्ये पडते आणि तिचा आवाज कमी येतो. म्हणून खिळ्यांऐवजी आडवी अखंड लोखंडी पट्टी असलेले पिकअप घ्यावे. तार कुठेही असली तरी ती पट्टीवरच येते. खास मेंडोलिनसाठी बनविलेली पिकअपे मिळतात, तीही चालतील. दुकानात जाताना पडद्यांच्या पट्टीच्या शेवटी पहिल्या तारेपासून आठव्या तारेपर्यंतचे अंतर मोजून कागदावर लिहून न्यावे. लोखंडी पट्टी त्याहून थोडी लांब असावी.

दोन : एक कॉईल की दोन? एका कॉईलचे पिकअप स्वस्त असते, पण ट्यूबलाइट, डिमर, रोषणाईच्या माळा आणि ट्रान्सफॉर्मर यांची घूं-घूं ते ओढून घेते. दोन उलट्या कॉईलच्या पिकअपमध्ये ही घरघर परस्परांत विरून जाते. १९५० च्या दशकात गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी ही रचना प्रसिद्धीस आणली. तिला हमबकर म्हणतात. आपले मांडव रोषणाईने भरलेले असतात. सबब चार पैसे जास्त पडले तरी दोन कॉईलचे घ्यावे, असे आमचे मत आहे. एका कॉईलचे आधीच असेल तर वादकाने बसण्याची दिशा थोडी फिरवून पाहावी. घरघर पुष्कळ कमी होते.

तीन : जाडी. तारा आणि वरची फळी यांत मेंडोलिनवर फार जागा नसते. जाड पिकअप तारांना टेकते. म्हणून ती उंचीही मोजून न्यावी.

चार : जिवंत आहे की नाही? पिकअपच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावावा. साधारण काही हजार ओहम, बहुधा पाच ते दहा हजारांच्या आसपास, आकडा दिसतो. काहीच दिसले नाही तर आतली तार तुटलेली आहे. रेडिओ दुरुस्ती करणारा कोणताही मुलगा ही परीक्षा दोन मिनिटांत करून देतो. जुने पिकअप घेताना ती केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

चिकटवायचे पिकअप व माईक यांचे काय, असे कोणी विचारील. बटणासारखे चिकटवायचे पिकअप, ज्याला पिझो म्हणतात, फळीची थरथर ऐकते. त्यात लाकडाचा आवाज येतो आणि ते सर्वांत स्वस्त आहे. पण हाताचा घसारा, दंडाचा धक्का, शेजारच्या ढोलकीचा दणका हेही त्यात येते आणि त्याला लहान प्रीअँप लागतो. माईकचा आवाज सर्वांत खरा. पण मांडवात तो ढोलकीही उचलतो आणि जरा वाढविला की शिट्टी मारतो. म्हणून विहारातील छोटी बैठक किंवा रेकॉर्डिंग असेल तर माईक, आणि मैदानातला कार्यक्रम असेल तर चुंबकीय पिकअप, असा साधा नियम ठेवावा.

बसविताना वाद्याला भोक पाडू नका

जुन्या मेंडोलिनची वरची फळी हाच त्याचा जीव असतो. तिला भोक पाडले, तिच्यावर वजन चिकटविले की माईकशिवायचा आवाज कायमचा मरतो. म्हणून काढता-घालता येणारे पिकअप घ्यावे. गोल किंवा लंबगोल भोक असेल तर भोकाच्या कडेला चिमट्याने बसणारे मिळते. वाद्याला भोकाऐवजी दोन बाजूंना वळणदार चिरा असतील तर पडद्यांच्या पट्टीच्या टोकाला किंवा नखीपासून फळी वाचविणाऱ्या पट्टीला ते टांगावे. फळीला टेकू देऊ नये. दांडीच्या बाजूला बसविले की आवाज भरीव येतो, घोडीजवळ नेले की पातळ व टोकदार होतो.

शेवटच्या पडद्यावर तार दाबून पिकअप आणि तार यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर राहील असे पाहावे. फार जवळ आणले तर चुंबक तारेलाच ओढतो आणि सूर डळमळतो. चारही जोड्या सारख्या बोलेपर्यंत पिकअपची एकेक बाजू किंचित वर-खाली करून पाहावी. काम नाजूक वाटले तर जाणत्या कारागिराकडे न्यावे. आपल्या राज्यात मिरज हे तंतुवाद्यांच्या कारागिरांचे जुने गाव आहे. तेथील सतार आणि तानपुरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्य दुरुस्तीला टाकताना पावतीवर "फळीस भोक पाडू नये" असे लिहून घ्यावे.

पिन कोणत्या भोकात?

पुष्कळ ठिकाणी पिकअप चांगले असूनही आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. कारण साऊंडवाला पिन माईकच्या भोकात घालतो. माईकचे इनपुट साध्या माईकसाठी असते. ते पिकअपची बारीक वीज दाबून टाकते आणि वरचे सूर मारते. अ‍ॅम्प्लिफायरवर "ऑक्स" लिहिलेले इनपुट असेल तर पिन तेथे घालावी. आवाज लहान वाटला तर मध्ये छोटा प्रीअँप घ्यावा. मिक्सर दूर असेल तर डीआय बॉक्स नावाची छोटी पेटी वादकाजवळ ठेवावी. वाद्यापासून पेटीपर्यंतची वायर पाच-सहा मीटरपेक्षा लांब नको, कारण लांब वायरमध्ये टोकदार सूर गळतात. पेटीपासून मिक्सरपर्यंत लांब वायर चालते. वायर जाळीची असावी. साध्या बल्बच्या वायरमध्ये घरघर येणारच.

साऊंडवाल्याला आणखी एक सांगावे. मेंडोलिनवर इको कमी ठेवावा आणि गायकाची ओळ चालू असताना आवाज खाली ठेवून ओळ संपली की वर आणावा. लोक गाणे ऐकावयास येतात ते शब्दांसाठी. मेंडोलिनने दोन ओळींमधली जागा भरावी, शब्द झाकू नयेत.

अर्थिंगची गोष्ट जिवाची आहे

आता जे सांगतो ते गायक, वादक, मंडळाचे अध्यक्ष आणि घरातील माणसे सर्वांनी वाचावे. पिकअप लावलेल्या वाद्यात घरघर घालविण्यासाठी पुष्कळदा तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीशी जोडलेल्या असतात. म्हणजे वादकाची बोटे सतत त्या पेटीला लागलेली आहेत, असे समजा. गायकाचा माईक दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला आणि दुसऱ्या सॉकेटवर असेल, कुठे वीज आकडा टाकून घेतली असेल, तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन तोडलेली असेल, तर वाजवत असताना माईकला ओठ लागताच झटका बसू शकतो. जमीन ओली असेल तर तो जीवघेणा ठरू शकतो.

म्हणून चार नियम पाळावेत. स्टेजवरची सर्व साउंडची यंत्रे एकाच, अर्थिंग असलेल्या बोर्डावरून चालवावीत. अर्थची पिन कधीही तोडू नये. बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा गळती-प्रवाह तोडणारा स्विच बसवून घ्यावा. आणि वाजविण्यापूर्वी तारांना व माईकच्या जाळीला टेस्टर लावून पाहावा. दिवा लागला तर वायरमन येईपर्यंत कोणीही हात लावू नये. पण दिवा लागला नाही म्हणून अर्थिंग चांगले आहे, असे मात्र समजू नये. टेस्टरने अर्थिंगची परीक्षा होत नाही, ती वायरमनकडूनच करून घ्यावी. मुलांना स्टेजच्या मागच्या वायरींजवळ खेळू देऊ नये.

मंडळांसाठी हिशेब

पैसे थोडे असतील तर ते या क्रमाने खर्च करावेत : प्रथम अर्थिंग व बोर्ड, मग निकेलच्या तारा, मग चांगली वायर, मग पिकअप, आणि सर्वांत शेवटी प्रीअँप किंवा डीआय बॉक्स. गिटारसाठीची साधी काढघालीची पिकअपे काही शे रुपयांपासून मिळतात, परदेशी नावाची कित्येक हजारांना पडतात. बार्शी, सोलापूर, पुणे येथे दुकानात वाद्य बरोबर नेऊन, जोडून, वाजवून घ्यावे. ऑनलाइन मागविले तर परत घेण्याची मुदत आधी वाचावी आणि त्या मुदतीत तालीम घ्यावी. तालमीत ढोलकी, पेटी, गायक सर्व जण असावेत. एकाने स्टेजजवळ आणि एकाने शेवटच्या रांगेच्या जागी उभे राहून ऐकावे. शेवटच्या रांगेत मेंडोलिनचा सूर आणि गाण्याचा शब्द दोन्ही स्पष्ट आले तर खरेदी बरोबर समजावी. घरात एकट्याने वाजवून केलेली परीक्षा उपयोगाची नाही.

वस्तू मंडळाच्या पैशाने घेतली असेल तर पावती फाइलला लावावी आणि डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करावी : वस्तू, तारीख, किंमत, कोणाच्या ताब्यात. कलावंताने स्वतःच्या पैशाने घेतली असेल तर ती त्याची आहे, हेही लिहून ठेवावे. पार्टी फुटते तेव्हा अशा लहान वस्तूंवरूनच भाऊबंदकी होते.

आवाजाच्या मर्यादेचेही भान असावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. सांस्कृतिक व धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य शासन १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकते. प्रत्येक वाद्य आपल्या जागी नीट ऐकू येत असेल तर एकूण आवाज चढवावा लागत नाही. लहान मुले, म्हातारी माणसे आणि दहावी-बारावीचा अभ्यास करणारी पोरे यांची सोय होते आणि कार्यक्रमही वेळेत रंगतो.

ज्या घरात एखादी मुलगी किंवा मुलगा मेंडोलिन शिकत असेल, त्या घराने एवढे लक्षात ठेवावे की शिकण्यासाठी पिकअप लागत नाही. पहिली दोन-तीन वर्षे हात आणि कान तयार होऊ द्यावेत. स्टेजवर जाण्याची वेळ आली की मग खरेदी करावी. आणि ज्या मंडळांनी १४ एप्रिलच्या तयारीची बैठक अजून घ्यावयाची आहे, त्यांनी बैठकीला गायकाबरोबर वादकांनाही बोलवावे. कोणाचे वाद्य ऐकू येत नाही हे त्यांना विचारून घ्यावे आणि बॉक्सची संख्या त्यानंतर ठरवावी.